घरमालक संघटनेचा हिवाळा : आधी काय ठरवावे, मग काय साजरे करावे

कोपऱ्यावरचे घर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या उत्तरेकडील उपनगरांत घर घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरमालक संघटना (वसाहतीचे नियम आणि सामाईक खर्च पाहणाऱ्या) नोव्हेंबरच्या अखेरीस हिवाळ्याचे पत्रक काढतात. रोषणाईची स्पर्धा कधी आहे, मुलांना सांताक्लॉज कुठे भेटणार, क्लबहाऊस कोणत्या दिवशी बंद राहील, सुटीच्या आठवड्यात कचऱ्याची गाडी एक दिवस उशिरा येईल, एवढा मजकूर त्यात ठरलेला असतो. बर्फाबद्दल सगळ्यात शेवटी एक ओळ असते, की रहिवाशांनी आपापल्या घरासमोरचा पदपथ मोकळा ठेवावा. आमच्या संघटनेच्या संचालक मंडळात यंदा हिवाळ्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे.

सण साजरे व्हावेत आणि उत्साहाने व्हावेत. पण डिसेंबरच्या पहिल्या मेळाव्यातून प्रत्येक गल्लीची एक यादी तयार होऊन बाहेर पडली पाहिजे. कोण एकटे राहते, कोणाला फावडे उचलणे शक्य नाही, कोणाच्या घरात तान्हे मूल आहे किंवा विजेवर चालणारे ऑक्सिजनचे यंत्र आहे, सुटीत कोण बाहेरगावी जाणार आहे आणि त्यांच्या घराची किल्ली कोणाकडे आहे, एवढे त्या यादीत असावे. एरवी शेजाऱ्याचे दार वाजवून “तुम्ही एकटेच राहता का?” असे विचारायला कोणी धजावत नाही. मेळाव्यात मात्र तेच बोलण्याच्या ओघात सहज कळते. म्हणून हा मेळावा पहिल्या मोठ्या वादळाच्या आधी व्हायला हवा. तो नाताळच्या तोंडावर ठेवला, तर निम्मी घरे प्रवासाला निघालेली असतात.

दुसरी गोष्ट कराराची. बर्फ काढणाऱ्या कंत्राटदाराबरोबर संघटनेने केलेला करार फार थोडे रहिवासी वाचतात आणि मग जानेवारीत तक्रारींचा पाऊस पडतो. अशा करारांत बहुधा बर्फाची एक किमान जाडी लिहिलेली असते, पुष्कळदा २ इंच. तेवढा बर्फ साचल्याशिवाय प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, निघत नाही. मीठ टाकणे हे बर्फ ढकलण्यापेक्षा वेगळे काम असते आणि त्याची आकारणीही वेगळी असू शकते. त्यामुळे पाऊण इंच पाऊस गोठून पदपथाची काच झाली, तरी करारात ते काम नसेल तर कोणीही येणार नाही. संघटनेच्या मालकीचे रस्ते कोणते आणि नगरपालिकेचे कोणते, टपालपेट्यांसमोरची जागा कोणी साफ करायची, एका फेरीचे पैसे द्यायचे की सबंध हंगामाचे, या चार प्रश्नांची उत्तरे पत्रकाच्या पहिल्या पानावर छापली, तर मंडळाचा आणि रहिवाशांचाही निम्मा मनस्ताप वाचेल.

प्लाऊबद्दल एक युक्ती सांगतो, कारण दरवर्षी यावरून वाद होतात. आपण ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट) घासूनपुसून साफ करतो आणि तासाभरात नगरपालिकेचा प्लाऊ येऊन त्याच्या तोंडाशी ढिसूळ, ओल्या बर्फाचा बांध घालून जातो. चालक हे मुद्दाम करत नाही. पात्याने गोळा झालेला बर्फ उजव्या कडेला पडतो आणि मोकळी जागा दिसेल तिथे सांडतो. ड्राइव्हवेवर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यास प्लाऊ आपल्या डावीकडून येतो. म्हणून ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेला, आठ-दहा फूट लांबीचा एक खण आधीच मोकळा करून ठेवावा. पात्यावरचा बराचसा बर्फ त्या खणात पडतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी थोडाच उरतो. आपण काढलेला बर्फ मात्र नेहमी उजवीकडे टाकावा. डावीकडे टाकलेला बर्फ प्लाऊ पुन्हा आपल्याच दारात आणून सोडतो.

मिठाविषयी तर प्रत्येक पत्रकात स्वतंत्र परिच्छेद हवा. साधे खडे मीठ साधारण १५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली जवळजवळ निरुपयोगी ठरते. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरावे लागते किंवा पाय घसरू नये म्हणून नुसती वाळू टाकावी लागते. मीठ बर्फ काढण्यासाठी नसते. आधी फावड्याने बर्फ काढायचा आणि उरलेला पातळ थर सुटावा म्हणून मीठ टाकायचे. कॉफीचा १२ औंसांचा एक मग भरून मीठ २० फुटी ड्राइव्हवेला किंवा पदपथाच्या सुमारे १० फरशांना पुरते. आपल्याकडे पोतेच्या पोते रिकामे करण्याची पद्धत पडली आहे. पाय ठेवला की करकर आवाज येतो आणि मिठाचे खडे बुटांबरोबर घरात येतात. असे मीठ दिसले, तर ते जास्त झाले आहे असे समजावे. नव्याने ओतलेल्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात टाकू नये.

पदपथ साफ केला की आपले कर्तव्य संपले, असे अनेकांना वाटते. आणखी दोन जागा आहेत आणि त्या माझ्या दृष्टीने पदपथापेक्षा महत्त्वाच्या आहेत. पहिली जागा अग्निशमनाच्या हायड्रंटची, म्हणजे आगीच्या वेळी पाणी घेण्यासाठी रस्त्याकडेला असलेल्या नळखांबाची. त्याच्या भोवती चारी बाजूंनी ३ फूट मोकळी जागा आणि तिथपासून रस्त्यापर्यंत एक वाट हवी. बर्फाच्या ढिगाखाली हायड्रंट शोधण्यात अग्निशमन दलाचे मोलाचे क्षण जातात. दुसरी जागा घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेल्या फर्नेसच्या (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या) पांढऱ्या प्लॅस्टिक नळ्यांची. जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर असलेल्या या नळ्या वाऱ्याने लोटलेल्या बर्फात गाडल्या जातात. मग एक तर फर्नेस बंद पडते किंवा धूर घरात उलटतो. वादळ थांबल्यावर फावडे हातात घेतले की आधी या नळ्यांकडे जावे आणि मग ड्राइव्हवेकडे.

आता सुट्ट्यांचे कार्यक्रम. रोषणाईची स्पर्धा दरवर्षी होतेच. तिच्या जोडीला आणखी काय करता येईल, यावर आपल्या सूचना हव्या आहेत. जानेवारीतील तिसऱ्या सोमवारी नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सुटी असते. ती १९८६ पासून पाळली जाते आणि १९९४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्या दिवसाला सेवादिनाचे स्वरूप दिले. त्या दिवशी गल्लीतील मोठ्या मुलांनी वृद्ध शेजाऱ्यांच्या हायड्रंटचे, नळ्यांचे आणि पायऱ्यांचे काम हाती घ्यावे, असा माझा प्रस्ताव आहे. डिसेंबरच्या गर्दीत सगळे कार्यक्रम कोंबण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीच्या कंटाळवाण्या आठवड्यांत काही ठेवले, तर लोक जास्त संख्येने येतील, असे मला वाटते.

आपापल्या संघटनांमध्ये काय होते, तेही लिहावे.

तळघर

धागा अगदी वेळेवर काढलात. पत्रकाचा क्रम बदलण्याच्या कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बाहेरगावी जाणाऱ्यांच्या यादीला जोडून नळांविषयी थोडे लिहितो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, हे आपण शाळेत शिकलो. नळ मात्र बर्फ जमतो तिथेच फुटतो असे नाही. बर्फाचा बोळा एका जागी बसला की तो आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि या मधल्या भागात जिथे जोड कमजोर असेल तिथे नळ फुटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतची तोटी अगदी बारीक धारेने सुरू ठेवायला सांगतात. वाहत्या पाण्यामुळे गोठणे लांबते आणि दाबालाही वाट मिळते. बाहेरचे तापमान २० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ७ अंश सेल्सियसच्या खाली जाणार असेल, तर उघड्यावरच्या किंवा उष्णतारोधक आवरण नसलेल्या नळांची काळजी करावी. सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवली तरी बराच फरक पडतो.

सुटीवर जाताना वीज वाचवण्याच्या विचाराने अनेक जण थर्मोस्टॅट (घराचे तापमान ठरवणारे बटण) बंदच करून जातात. तसे करू नये. तो ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली कधीही नेऊ नये. पाण्याची मुख्य झडप बंद करून जाणे सर्वांत उत्तम. ती झडप कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आणि किल्ली असलेल्या शेजाऱ्यालाही ठाऊक हवे. बागेच्या तोटीला लावलेली रबरी नळी तर आजच काढून ठेवावी. न गोठणारी म्हणून विकली जाणारी तोटीसुद्धा नळी जोडलेली राहिली की आतले पाणी बाहेर टाकू शकत नाही आणि भिंतीच्या आत फुटते. कहर म्हणजे ते हिवाळाभर कळत नाही. वसंतात पहिल्यांदा तोटी उघडली की तळघराच्या छतातून पाणी गळू लागते.

आमच्या गल्लीत एका कुटुंबाच्या गैरहजेरीत वरच्या मजल्यावरचा नळ फुटला. समोरच्या काकूंना गॅरेजच्या दाराखालून आलेल्या पाण्याचा बर्फ झालेला दिसला, तेव्हा ते उघडकीस आले. त्यांच्याकडे किल्ली नव्हती आणि त्या कुटुंबाचा फोन नंबरही नव्हता. झडप बंद होईपर्यंत खालच्या मजल्याचे छत खाली आले होते. यादीत किल्लीचा रकाना कशाला, असे कोणी मंडळाच्या बैठकीत विचारले, तर हा प्रसंग अवश्य सांगावा.

चाफा

रोषणाईच्या नियमांबद्दल बोलायला हवे. अनेक संघटनांच्या नियमावलीत बाहेरचे दिवे थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरअखेरच्या सणानंतर) लावावेत आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत उतरवावेत, अशी मुदत असते. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच सण असतो, एवढेच. पण आपली दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते आणि ज्यूंच्या हनुक्का सणाच्या तारखा दरवर्षी मागेपुढे होतात. आकाशकंदील लावल्याबद्दल सूचनापत्र आलेली कुटुंबे माझ्या परिचयात आहेत. त्यांनी मुकाट्याने कंदील उतरवला, कारण नव्या शेजारात वाद नको.

माझे म्हणणे असे, की वाद घालण्याची गरज नाही, पण नियम बदलण्याची मागणी शांतपणे आणि लेखी केली पाहिजे. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने घरांच्या बाबतीत धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि तो कायदा संघटनांनाही लागू होऊ शकतो. शिकागोतील एका इमारतीच्या संघटनेचा खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. तिथे दाराबाहेर कोणतीही वस्तू ठेवू नये, असा सरसकट नियम २००१ मध्ये झाला. पुढे २००४ मध्ये त्या नियमाच्या आधारे एका ज्यू कुटुंबाच्या दाराच्या चौकटीवरचा मेझुझा (धर्मवचने ठेवलेली छोटी डबी) वारंवार काढला गेला. २००९ मध्ये सातव्या सर्किटच्या (विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने, हा हेतुपुरस्सर भेदभाव होता का हे ज्युरीने ठरवावे, असा निर्णय दिला. नियमाची भाषा सर्वांना सारखी असली, तरी तो कसा आणि कोणाविरुद्ध राबवला जातो, याला कायद्यात अर्थ असतो, असे मी त्यातून घेतले. मी वकील नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात, त्यामुळे प्रत्यक्ष वाद उद्भवल्यास जाणकाराचा सल्ला घ्यावा.

व्यवहार्य तोडगा सोपा आहे. नियमात सणांची नावे आणि ठरावीक तारखा लिहू नयेत. “कोणत्याही सणाच्या आधी इतके दिवस आणि नंतर इतके दिवस” अशी मुदत लिहावी आणि रात्री दिवे बंद करण्याची वेळ सर्वांना सारखी ठेवावी. शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीत रात्री दीड वाजता लुकलुकणारा प्रकाश पडला, तर त्रास व्हायचाच, मग सण कोणताही असो.

कोपऱ्यावरचे घर (धागाकर्ता)

चाफा, आपली सूचना मी शब्दशः मंडळासमोर ठेवणार आहे. मुदतीची अशी भाषा मला सुचली नव्हती आणि ती स्वीकारायला कोणाची हरकत असेल, असे वाटत नाही.

रोषणाईचा विषय निघालाच आहे, तर थोडे आणखी. विजेच्या दिव्यांनी सजवलेले पहिले नाताळचे झाड थॉमस एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी डिसेंबर १८८२ मध्ये न्यू यॉर्कमधल्या आपल्या घरात उभे केले. त्यावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे होते आणि झाड गोल फिरत असे. त्याआधी झाडावर मेणबत्त्या लावत आणि आगी लागत. आजच्या एलईडी माळा जुन्या दिव्यांपेक्षा किमान ७५ टक्के कमी वीज घेतात आणि तापतही नाहीत. त्यामुळे स्पर्धेत भाग घेणाऱ्यांना एलईडीची अट घालायला हरकत नाही. माळ घराबाहेर वापरण्याजोगी आहे ना, हे मात्र वेष्टनावर पाहून घ्यावे. घरात खरे झाड आणणाऱ्यांनी त्याला रोज पाणी घालावे. खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला दिवसाला सुमारे एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी ते पिते. वाळलेले झाड क्षणार्धात पेटते.

उत्तरायण

यादीच्या कल्पनेवर माझा एक गंभीर आक्षेप आहे आणि तो स्पष्टपणे मांडतो. कोण एकटे राहते आणि कोणते घर दोन आठवडे रिकामे आहे, ही माहिती चुकीच्या हातात पडली, तर मदतीऐवजी घात होईल. संघटनेच्या ईमेलवरून किंवा समूहाच्या गप्पांत ती फिरू लागली, की ती कुठे पोहोचेल, हे कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय वृद्ध शेजाऱ्यांना आपली नोंद “असहाय” म्हणून झालेली आवडेल का, हाही प्रश्न आहे. आमच्या शेजारच्या आजी ऐंशी ओलांडलेल्या आहेत. त्यांच्या पायऱ्या दुसऱ्या कोणी साफ केलेल्या त्यांना खपत नाहीत.

दुसरा मुद्दा पैशाचा. रोषणाईच्या बक्षिसांवर होणारा खर्च आणि बर्फाच्या कराराची रक्कम एकाच अंदाजपत्रकातून जाते. बर्फ कमी पडलेल्या वर्षी उरलेली रक्कम कार्यक्रमांकडे वळवण्याचा मोह मंडळांना होतो आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये वादळ आले की विशेष वर्गणी मागावी लागते. कमी बर्फाच्या वर्षीची बचत राखीव निधीतच गेली पाहिजे, असा ठराव आपण सर्वांनी आपापल्या संघटनेत मांडावा.

कोपऱ्यावरचे घर (धागाकर्ता)

उत्तरायण, आक्षेप रास्त आहे. सगळ्या वसाहतीची एक यादी करूच नये. दर दहा-बारा घरांमागे एक जबाबदार शेजारी असावा, त्याच्याकडे फक्त त्या घरांचा एक कागद असावा आणि वसंत आला की तो फाडून टाकावा. नोंद प्रत्येकाच्या इच्छेवर असावी आणि “मदत हवी” या रकान्याशेजारीच “मदत देऊ शकतो” हाही रकाना असावा. आपल्या शेजारच्या आजी दुसऱ्या रकान्यात नाव लिहितील, असे वाटते. त्यांच्याकडे पाण्याची झडप कशी बंद करायची याचे ज्ञान आपल्यापेक्षा नक्कीच जास्त असेल. राखीव निधीच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे.

शुश्रूषा

रुग्णालयात काम करत असल्यामुळे पहिल्या मोठ्या बर्फवृष्टीनंतरचा दिवस आमच्याकडे कसा असतो, हे मला ठाऊक आहे. बर्फ काढणे हा हृदयावर एकदम मोठा ताण टाकणारा व्यायाम आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. फावडे उचलताना हात आणि छातीचे स्नायू जोर लावतात आणि माणूस नकळत श्वास रोखून धरतो. बैठे काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने सकाळी उठल्याउठल्या, कामाला उशीर होतो आहे या घाईत हे करणे धोक्याचे आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन दरवर्षी याबद्दल सावध करते. बर्फ उचलून फेकण्याऐवजी ढकलावा, फावडे अर्धेच भरावे, वादळ चालू असतानाच थोडा थोडा काढावा म्हणजे थर जड होत नाही. छातीत दडपण, जबडा किंवा हातात कळ, अचानक घाम, दम लागणे यांपैकी काहीही झाले, तर फावडे तिथेच टाकून ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. “जरा पडतो, बरे वाटेल” असे म्हणू नये. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी हे काम करूच नये, आणि नेमक्या अशा लोकांसाठी धागाकर्त्यांचा कागद हवा आहे.

फर्नेसच्या नळ्यांविषयी लिहिलेत, ते फार महत्त्वाचे आहे. त्या बुजल्या की घरात साचू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या, या वायूच्या अपघाती विषबाधेने दरवर्षी ४०० हून अधिक माणसे मरण पावतात. डोके दुखणे, चक्कर, मळमळ अशी लक्षणे फ्लूसारखी असतात, पण ताप नसतो. घरातल्या सगळ्यांना एकदमच बरे वाटेनासे झाले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटू लागले, तर पुन्हा आत जाऊ नये आणि बाहेरूनच मदत मागवावी. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर या वायूचे सूचक यंत्र हवे. ते कायम टिकत नाही, मागच्या बाजूला लिहिलेली मुदत पाहून बदलावे. वीज गेल्यावर जनरेटर गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, लावू नये. तो घरापासून किमान २० फूट दूर असावा. बर्फात अडकलेली मोटार सुरू करण्याआधी तिच्या धुराच्या नळीभोवतालचा बर्फ काढावा, विशेषतः मुले आत बसलेली असतील तर.

तळ्याकाठी

आमच्या वसाहतीत पावसाचे पाणी साठवण्यासाठी केलेले तळे आहे आणि दर हिवाळ्यात मुलांना त्यावर स्केटिंग करू द्यावे, अशी मागणी येते. कृपया हा कार्यक्रम पत्रकात घालू नये. नैसर्गिक तलावावर चालण्यासाठी किमान ४ इंच जाडीचा, नवा आणि पारदर्शक बर्फ असावा, असे मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते सांगते. पण पावसाच्या पाण्याच्या तळ्याला हा नियम पुरेसा नाही. त्यात गटारांच्या नळ्यांतून पाणी येत-जात राहते, पातळी वरखाली होते आणि वरच्या बर्फाखाली पोकळी राहते. भरीस भर म्हणून आपणच रस्त्यावर टाकलेले मीठ वितळून त्याच तळ्यात जाते आणि खारे पाणी उशिरा गोठते. एका ठिकाणी ६ इंच बर्फ असतो आणि दहा पावलांवर २ इंचसुद्धा नसतो. तळ्याकाठी फलक लावणे आणि दोरी बांधलेले तरंगते कडे ठेवणे, हा खर्च बक्षिसांच्या आधी व्हावा.

मिठाबद्दल आणखी एक गोष्ट. पाण्यात गेलेले मिठातले क्लोराइड नाहीसे होत नाही. एक चमचा मीठ ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी कायमचे दूषित करते. उन्हाळ्यात तळ्यात बेडूक दिसत नाहीत, म्हणून हळहळणारे आपले शेजारी आणि डिसेंबरमध्ये पोते रिकामे करणारे शेजारी पुष्कळदा एकच असतात.

अंगणपक्षी

जानेवारी-फेब्रुवारीत काहीतरी ठेवावे, या सूचनेवरून लिहीत आहे. पक्षिगणना हा कार्यक्रम अवश्य ठेवावा.

पूर्वी इथे नाताळच्या दिवशी दोन गट करून जास्तीत जास्त पक्षी-प्राणी मारण्याची स्पर्धा होत असे. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने १९०० साली सुचवले, की मारण्याऐवजी मोजावे. पहिल्या वर्षी २७ जण बाहेर पडले. आता ऑडुबॉन या पक्षिसंरक्षण संस्थेची ही गणना दरवर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात होते. त्यासाठी १५ मैल व्यासाची वर्तुळे ठरलेली असतात. आपले घर त्या वर्तुळात येत असेल, तर स्थानिक संयोजकाकडे नाव नोंदवून खिडकीत बसून दाणेघरावरचे (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या टांगत्या पेटीवरचे) पक्षीही मोजता येतात. लहान मुलांसाठी मात्र मला फेब्रुवारीतली अंगणातली पक्षिगणना जास्त आवडते. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन यांनी ती १९९८ मध्ये सुरू केली. चार दिवस चालते आणि किमान १५ मिनिटे एका जागी पाहून नोंद करायची असते.

आमच्या गल्लीत आम्ही मुलांना दोघादोघांच्या जोड्यांत बसवतो, एकाने पाहायचे आणि एकाने लिहायचे. काळ्या टोपीची चिकाडी एकच बी उचलते, फांदीवर जाऊन पायांत धरून फोडते आणि पुन्हा येते. राखाडी पाठीचे जंको खाली सांडलेले दाणे बर्फावरून टिपतात, वर येत नाहीत. कार्डिनलची जोडी संध्याकाळी अंधार पडता पडता येते. एकदा हे मुलांच्या लक्षात आले की ती आपणहून खिडकीशी जाऊन बसतात. कॅमेऱ्याची किंवा दुर्बिणीची गरज नसते. दाणेघर लावायला संघटनेची परवानगी लागते का, ते आधी पाहावे. काही ठिकाणी उंदरांच्या भीतीने मनाई असते. अशा ठिकाणी खाली दाणे सांडू न देणारी ताटली लावतो, असे लिहून दिल्यास परवानगी मिळू शकते.

चाफा

अंगणपक्षी, फार छान सुचवलेत. ज्या आजी-आजोबांना बाहेर पडता येत नाही, त्यांच्या खिडकीत मुलांची एक जोडी बसवता येईल. आजोबांना सोबत होईल आणि उत्तरायण म्हणतात तो “असहाय” शिक्काही बसणार नाही.

झाडांच्या विल्हेवाटीचेही पत्रकात लिहावे. अनेक नगरपालिका जानेवारीत झाडे गोळा करून त्यांचा भुगा करतात, पण त्यासाठी माळा, चमकी, उभे करायचे स्टँड आणि प्लॅस्टिकची पिशवी काढलेली असावी लागते. कृत्रिम बर्फ फवारलेली झाडे बहुधा घेत नाहीत.

कोपऱ्यावरचे घर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मंडळाची बैठक काल झाली. त्यातले निर्णय इथे नोंदवतो, म्हणजे इतर संघटनांनाही उपयोग होईल.

मेळावा डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी होईल. दर दहा-बारा घरांमागे एक शेजारी नेमला आहे आणि कागद त्याच्याकडेच राहील. मंडळाकडेही त्याची प्रत नसेल. सजावटीच्या मुदतीची चाफा यांची भाषा मसुद्यात आली आहे आणि ती वार्षिक सभेत मताला जाईल. त्याआधी आलेल्या कोणत्याही सणाच्या दिव्यांवर सूचनापत्र पाठवू नये, असे व्यवस्थापकांना कळवले आहे. बचतीच्या ठरावाला दोन सदस्यांचा विरोध आहे. त्यांच्या मते कमी बर्फाच्या वर्षी रहिवाशांना काही परत मिळायला हवे. हा विषय सुटलेला नाही. उत्तरायण, शक्य असल्यास आपल्या संघटनेने असा ठराव कोणत्या शब्दांत केला आहे, ते पाठवावे.

तळ्यावरचे स्केटिंग रद्द झाले आहे आणि फलक व तरंगते कडे यांचा खर्च मंजूर झाला आहे. पक्षिगणनेसाठी कोणीतरी पुढाकार घ्यायला हवा होता. तेव्हा बैठकीला प्रेक्षक म्हणून बसलेल्या नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि तिला पंधरा पक्ष्यांची चित्रे असलेला तक्ता छापून देण्याचे मंडळाने कबूल केले आहे. कराराची चार प्रश्नोत्तरे पत्रकाच्या पहिल्या पानावर जातील. मीठ टाकण्याचा खर्च करारात नव्हता, तो आता घालून घेतला आहे. करारात गोठलेल्या पावसाचा स्वतंत्र उल्लेख आहे का, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या संघटनेत आजच विचारून घ्यावे, कारण हंगाम सुरू झाल्यावर कंत्राटदार नवी अट मान्य करायला तयार नसतात.